कमी पळालेली गाडी की बिलांची फाइल?

पत्र

मी शिक्षिका आहे. शाळा लांब असल्याने रोज जाऊन-येऊन साधारण ३० किलोमीटर होतात. आयुष्यातली पहिली गाडी घ्यायची आहे, पण नवी परवडत नाही. पेट्रोलवरच्या दोन छोट्या हॅचबॅक पाहून ठेवल्या आहेत. पहिली ११ वर्षांची, १,१८,००० किलोमीटर पळालेली, एकाच मालकाची. डाव्या दाराला पोचा आहे, रंग उडालाय, पण मालकाने सर्व्हिसच्या बिलांची जाडजूड फाइल समोर ठेवली. दुसरी ९ वर्षांची, फक्त ३८,००० पळालेली, अगदी चकचकीत. विकणारा म्हणतो, ती बहुतेक वेळ उभीच असायची. सर्व्हिसची बिलं मात्र नाहीत, आणि तिच्यासाठी माझी सगळी शिल्लक लागेल. मन दुसरीवर बसलंय. दादा म्हणतो, जुनी गाडी म्हणजे खर्चाला आमंत्रण, कुठलीच घेऊ नकोस. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही आणि गॅरेजमध्ये फसवतील अशी धास्ती वाटते. काय करू?

उत्तर

ताई, मी तुमच्या जागी असतो तर पहिली गाडी तपासायला घेतली असती. पोचा आलेली, तीच. दुसरी आजच मनातून काढून टाका असं म्हणत नाही, पण ती ज्या कारणासाठी आवडली, ते कमी रनिंग पारखून घेतल्याशिवाय तिच्यावर सगळी शिल्लक लावू नका. इतक्या जुन्या गाडीत मी मॉडेल आणि मीटरच्याही आधी एक गोष्ट पाहतो: आधीच्या मालकाने तिच्याकडे किती लक्ष दिलं. पहिल्या गाडीबाबत त्याचा पुरावा तुमच्यासमोर आहे. दुसरीबाबत विकणाऱ्याचा शब्द आहे, बस.

जरा हिशेब मांडू. नऊ वर्षांत ३८,००० म्हणजे वर्षाला सव्वाचार हजारांच्या आसपास, दिवसाला सरासरी साडेअकरा किलोमीटर. तेही बहुधा सलग नाही. जवळ जायचं, बंद करायची, परत यायचं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. इंजिन पुरेसा वेळ गरम राहिलं तर ते वाफ होऊन निघून जातं. दोन-तीन किलोमीटरमध्ये इंजिन ऑइल धड तापतही नाही, मग पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मुरतं आणि वर्षानुवर्षांत आत काळा गाळ धरतो. सायलेन्सर आतून गंजतो. ब्रेक डिस्कवर गंज चढतो. बॅटरी पुरती चार्ज होत नाही. रबराचे होज, सील, टायर आणि टायमिंग बेल्ट तर नुसते किलोमीटर मोजत नाहीत, ते वर्षंही मोजतात. उलट ११ वर्षांत १,१८,००० म्हणजे दिवसाला २९-३० किलोमीटर. छोट्या पेट्रोल इंजिनाला मानवणारी चाल आहे ही, आणि योगायोगाने तुमचीही तेवढीच असणार आहे.

शिवाय तो आकडा खरा आहे का, हाही प्रश्न आहेच. डिजिटल मीटरही मागे घेता येतं. म्हणून मीटरपेक्षा गाडीच्या अंगाकडे बघा. ३८,००० ला क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं, स्टिअरिंगची पकड चकाकत नसते, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली नसते. नवं सीट कव्हर असेल तर ते उचलून खाली बघा. मग टायर. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ने सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. ओळ दिसली पण चार अंक नाहीत तर टायरची दुसरी बाजू बघा, पूर्ण ओळ कधी कधी आतल्या अंगाला असते. गाडी नवी असतानाचे टायर असतील तर नक्षी कितीही उरलेली असो, ते बदलायचेत. आणि चारही टायर मधेच कधीतरी बदललेले असतील तर इतक्या कमी रनिंगला ते का बदलावे लागले, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. फुटले, कडक झाले, असं प्रामाणिक उत्तर असू शकतं. पण उत्तर यायला हवं.

आता त्या फाइलविषयी, कारण तुमच्या हातात सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. ती चाळू नका, बसून वाचा. गाडीचं ज्ञान लागत नाही. प्रत्येक बिलावर तारीख आणि त्या दिवशीचं मीटर असतं. एका कागदावर ती जोडी उतरवत जा. आकडे वर्षाला नऊ-दहा-अकरा हजारांनी चढत गेले असतील तर मीटर खरं आहे. मग बघा, ऑइल आणि ऑइल फिल्टर दरवर्षी बदललंय का. ब्रेक फ्लुइड साधारण दर दोन वर्षांनी बदललंय का. ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि ओलावा वाढला की जोरात, वारंवार ब्रेक लावताना ते उकळू शकतं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, कधी बदललं? क्लच प्लेट? बहुतेकांच्या फाइलीत ऑइलची बिलं भरपूर असतात आणि ब्रेक फ्लुइडचं एकही नसतं. ज्याने तेही बदललं, त्याच्यावर मी विश्वास ठेवतो.

सगळ्यात आधी शोधायचं बिल मात्र टायमिंग बेल्टचं. इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल एका तालात ठेवायचं काम हा बेल्ट करतो. काही इंजिनांत बेल्टच्या जागी चेन असते. तुमच्या मॉडेलला काय आहे ते गाडीच्या पुस्तिकेतून किंवा मेकॅनिककडून खात्रीने माहीत करून घ्या. बेल्ट असेल तर कंपनीने त्याला किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्हीची मुदत दिलेली असते, जी आधी येईल ती. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. जुन्या छोट्या गाडीचा शेवट बरेचदा इथेच होतो. बेल्ट बाहेरून पाहून कळत नाही. ‘बदललाय हो’ हे तोंडी उत्तर म्हणजे बदललेला नाही, असंच धरायचं आणि तो खर्च किमतीतून कमी करून मागायचा. अलीकडच्या काही छोट्या इंजिनांत, उदाहरणार्थ फोर्डचं १.० लिटर इकोबूस्ट आणि प्यूजो-सित्रोएनचं १.२ लिटर प्युअरटेक, हा बेल्ट ऑइलमध्येच फिरेल अशी रचना होती. तो झिजून त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकण्याच्या तक्रारी गाजल्या. तसं इंजिन असेल तर बिलांशिवाय गाडी घेऊच नका. चेन असेल तर गार इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद खडखड येते का ते ऐका. चेनचं आयुष्य स्वच्छ ऑइलवर असतं.

गार इंजिन का, ते सांगतो. गाडी पाहायला जाताना मालकाला आधीच कळवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहूबाजूंनी गाडी बघून घ्या, पण सुरू करून पाहायला दुसऱ्या दिवशी या. जुन्या इंजिनाचे बरेच दोष फक्त रात्रभर उभं राहिल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात दिसतात, एकदा गरम झालं की लपतात.

आधी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, काढून पुसा, परत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं असलं तरी घाबरू नका. ते डांबरासारखं घट्ट किंवा दुधाळ नको. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस छोट्या फेऱ्यांच्या गाडीत दमटपणामुळेही येतो, पण डिपस्टिकवरही तोच दुधाळ रंग असेल तर कूलंट ऑइलमध्ये उतरतंय, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, जिथे बसतो तिथली सील) गेलंय. कूलंटच्या टाकीत स्वच्छ रंगीत पाणी हवं, गंजाचं गढूळ नको, वर तेलाचा तवंग नको. हे सगळं इंजिन गार असतानाच. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

मग चावी फिरवा, पण लगेच सुरू करू नका. डॅशबोर्डवरचे इंजिन, ऑइल, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग असे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि सुरू केल्यावर थोड्या वेळात विझले पाहिजेत. एखादा दिवा मुळात लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. तेही दोषाइतकंच गंभीर समजा.

सुरू करताना कोणीतरी गाडीच्या मागे उभं राहायला हवं. दादांना न्या. त्यांची शंका रास्त आहे, आणि शंका घेणारा माणूस या कामाला उत्तम. सकाळच्या गारव्यात पांढरी वाफ येऊन थोड्या वेळात थांबली तर ती साधी वाफ. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. फक्त सुरू करताना एक झोत आला तर व्हॉल्व्हची सील कडक झाली असतील, तो खर्च आवाक्यातला असतो. वेग वाढवताना सतत आला तर पिस्टन रिंग झिजल्या असण्याची शक्यता मोठी, तिथून परत फिरा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कारण सेन्सर असू शकतो किंवा तुंबलेला एअर फिल्टरही.

गाडी जागेवरच सुरू ठेवा, रेडिएटरचा पंखा आपोआप लागेपर्यंत. मालक कंटाळेल, कंटाळू द्या. पंखा लागला, तापमानाचा काटा मध्यावर थांबला, पंखा बंद झाला, की कूलिंग चालू आहे असं म्हणता येतं. जुन्या छोट्या गाड्या रनिंगने मरत नाहीत, तापून मरतात. ही दहा-पंधरा मिनिटं वाया जात नाहीत.

चालवून पाहताना रेडिओ बंद, काचा खाली. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी ओढत नसेल तर क्लच घसरतोय. दुसरा गिअर टाकताना करकर नको. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल घ्या, टक-टक आली तर पुढच्या चाकांच्या एक्सलचे जॉइंट गेलेत. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढायला नको.

पत्र्याचं बोलायचं तर दारावरच्या पोच्याची चिंता करू नका, दार बदलता येतं. डिकीत स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघा. दारांखालचे उंबरठे, जॅक लावायच्या जागा, बॉनेटखाली शॉकअॅब्सॉर्बर जिथे वर बोल्टने बसतो तो भाग, इथे गंजून पत्रा दाबल्यावर चुरा होत असेल तर गाडीचा सांगाडाच कमजोर झालाय. चकचकीत गाडीत एक जास्तीची तपासणी: सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ किंवा बुरशीचा वास आला तर गाडीत पाणी शिरलेलं आहे. धुतलेल्या गाडीतही ते टोक बरेचदा धुवायचं राहून जातं. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा, रंगावर पान्याच्या खुणा असतील तर पुढचा भाग उघडून बसवलेला आहे.

एवढं तुम्ही स्वतः करू शकता, आणि यात पसंत पडली तरच पैसे देऊन मेकॅनिक न्या. मालकाने सुचवलेला नको, तुमचा. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहायला सांगा, आणि स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावायला सांगा. इथे एक युक्ती चालते: गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड गाडी दाखवण्याआधी पुसून टाकतात. पण कोड पुसले की गाडी चालताना स्वतःच्या भागांच्या ज्या आपसूक चाचण्या करते, त्यांचे निकालही पुसले जातात, आणि काही दिवस नीट चालवेपर्यंत स्कॅनर त्या ‘अपूर्ण’ दाखवतो. कोड एकही नाही आणि बहुतेक चाचण्या अपूर्ण, असं दिसलं तर कोणीतरी नुकतीच पाटी कोरी केलेली आहे. मालकाला विचारा. बॅटरी बदलली असेल तरी असं होतं, पण मग बॅटरीचं बिल असेल.

एअरबॅगचं काम मात्र घरी बसून होतं आणि ते टाळू नका. तकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅग फुगवणाऱ्या डब्यांत अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागला की ते बिघडतं आणि अपघातात एअरबॅग उघडताना डबाच फुटून धातूचे तुकडे उडतात. त्यात माणसं दगावली. जगभरात असे सुमारे १० कोटी डबे परत बोलावले गेले, वाहन इतिहासातलं सगळ्यात मोठं परतीचं काम ते, आणि त्यात कितीतरी कंपन्यांच्या साध्या हॅचबॅकही होत्या. गाडीचा १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा कंपनीला कळवून बघा. काम बाकी असेल तर ते फुकट करून मिळतं.

कागदांत एवढंच: विकणाराच नोंदणीकृत मालक आहे, चॅसिस नंबर कागदाशी जुळतो, आणि गाडीवर कर्ज बाकी नाही.

आता पैसा. सगळी शिल्लक देऊन गाडी घेऊ नका, पहिलीसुद्धा नाही. हातात पाव हिस्सा तरी राहिला पाहिजे. गाडी घेतल्याबरोबर ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट, ब्रेक फ्लुइड बदला. बेल्टचा पुरावा नसेल तर बेल्ट, आणि तो उघडलेला असताना तिथेच वॉटर पंपही. टायर जुने असतील तर ते ब्रेकबरोबर सगळ्यात आधी. हा खर्च म्हणजे दादा म्हणतात तो खर्च नव्हे. तो आधीच माहीत असलेला, एकदाच येणारा खर्च आहे. ज्यांनी तो पहिल्या महिन्यात केला नाही, त्यांच्याकडे तो वर्षभर रस्त्यात येत राहतो, आणि मग जुन्या गाड्यांचं नाव खराब होतं.

गॅरेजची धास्ती मला समजते. नवख्या माणसाला, त्यातून बाईमाणसाला, काहीही सांगून पार्ट खपवायची वृत्ती सर्रास दिसते आणि मला तिची चीड आहे. यावर उपाय म्हणजे प्रश्न विचारणं. काम सुरू करण्याआधी अंदाज लिहून मागा, बदललेले जुने पार्ट परत मागा, आणि ‘हेच खराब आहे हे कशावरून?’ हे दरवेळी विचारा. एक उदाहरण देतो. इंजिन थरथरतंय, पिकअप नाही, स्कॅनर ‘पी०३०२’ दाखवतो. याचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नाही, एवढाच. कारण प्लग असेल, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवायची. कोड बदलून ‘पी०३०३’ झाला तर दोष कॉइलचा. नाही झाला तर कॉइल चांगली आहे, पुढचं बघा. काही मिनिटांचं काम, खर्च शून्य. जो मिस्त्री हे करून दाखवतो त्याच्याकडे जात राहा. न तपासता चारही कॉइल बदलायला सांगणाऱ्याकडे नको. पहिली गाडी घेतलीत तर आधीच्या मालकाचा मिस्त्री कोण, हेही विचारून घ्या. फाइलीत न आलेलं बरंच त्याला माहीत असतं.

गाडी घरी आल्यावर सुरुवातीला आठवड्यातून एकदा सपाट जागी, इंजिन गार असताना ऑइल आणि कूलंट बघत जा. जुनं पेट्रोल इंजिन थोडं ऑइल पिणारच. किती पितं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, म्हणजे अचानक वाढलं तर कळेल. टायरमधली हवा महिन्यातून एकदा. आकडा बरेचदा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. आणि फाइल पुढे चालू ठेवा, तुमच्या नावाने.

काही वेळा मात्र शाळेला उशीर झाला तरी थांबायचं. लाल ऑइलचा दिवा लागला तर शक्य तितक्या लवकर कडेला घेऊन इंजिन बंद, घरापर्यंत नेऊ म्हणायचं नाही. तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा, त्याने इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते, आणि लगेच कडेला घ्या. हट्टाने पळवलेल्या दोन किलोमीटरमध्ये अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. पिवळा इंजिनाचा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय, म्हणजे लगेच वेग कमी करून थांबा.

दादांचं म्हणणं एका बाबतीत मान्य करा: नव्या गाडीइतकं अपघातातलं संरक्षण जुनी देत नाही, म्हणून एबीएस आणि एअरबॅग नसलेली गाडी, कितीही चांगली ठेवलेली असली तरी, रोजच्या ३० किलोमीटरसाठी घेऊ नका. बाकी छोटी पेट्रोल गाडी जुनी घ्यायला सोयीचीच. डिझेलचा काजळी धरणारा फिल्टर नाही, महागडे इंजेक्टर नाहीत, बऱ्याचदा टर्बोही नाही, वजन कमी म्हणून टायर-ब्रेक कमी झिजतात.

आणि मेकॅनिकने लिफ्टवर पाहून सांगितलं की सांगाडा गंजलाय, किंवा पंखा लागेपर्यंत थांबल्यावर काटा वर चढत राहिला, तर पहिलीही सोडा. फाइल कितीही जाड असो. तुम्हाला दोनच गाड्यांतून निवडायचं बंधन नाही, तिसरी बघा.